परदेशात फिरताना विमानतळाजवळ विमानं बघायची चांगली जागा कशी शोधायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मे महिन्यात लंडन, मग झुरिक, परतताना दुबईत सहा तास. विमानांचं वेड तुम्हाला आणि मुलाला, घरातल्या बाकीच्यांना नाही. आणि सगळ्यात शेवटी सहज टाकलेलं वाक्य: "लंडनला काका असतात, ते म्हणतात मी नेतो, मला सगळ्या जागा माहीत आहेत." बाकी प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसलोय ते या शेवटच्या वाक्यामुळे.

काकांच्या भरवशावर राहू नका.

मी मूळ घाटकोपरचा. पूर्वेकडून येऊन मुंबई विमानतळाच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं आमच्या चाळीवरून जायची. विमान आलं की दूरदर्शनवरचं चित्र थरथरायचं, बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा लांबट व्हायचा आणि विमान कुर्ल्याकडे गेलं की पुन्हा जागेवर यायचा. मी आणि धाकटा भाऊ डोळे मिटून आवाजावरून पैज लावायचो. पण एअर इंडियाचं 747, म्हणजे बोइंगचं ते दुमजली जंबो, आलं की पैज बाजूला. ते बघायचंच असायचं. पुढे कुबड आणि प्रत्येक खिडकीभोवती रंगवलेला लाल झरोका. राजवाडा उडतोय असं वाटायचं. कॅमेरा घरात नव्हता, आणि असता तरी आपल्याकडे विमानतळाच्या दिशेने कॅमेरा वळवला की कुठून तरी शिट्टी वाजतेच. म्हणून मनात एक गोष्ट राहून गेली होती: कधीतरी परदेशात, कुणी हटकणार नाही अशा ठिकाणी उभं राहून, 747 अगदी डोक्यावरून उतरताना बघायचं आणि मनसोक्त फोटो काढायचे.

तो योग 2018 च्या मे महिन्यात आला. माझे साडू हाउन्स्लो वेस्टला राहतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला लागूनच. तेव्हा ब्रिटिश एअरवेजकडे 747 चा मोठा ताफा होता, म्हणजे दिवसभरात एखादं दिसणार नाही असं होणारच नव्हतं. आमच्या हातात मोकळी अशी एकच दुपार होती, दुसऱ्या दिवशी एडिंबरा. मी महिनाभर आधीपासून तयारी केली होती. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, मध्ये जेमतेम दीड किलोमीटर अंतर. वारा पश्चिमेचा असला (आणि तिथे बहुतेक दिवस तसाच असतो) की एका धावपट्टीवर उतरतात, दुसरीवरून उडतात, आणि दुपारी 3 वाजता अदलाबदल करतात. खालच्या वस्तीला अर्धा दिवस तरी शांतता मिळावी म्हणून. उतरायला एका आठवड्यात सकाळी उत्तरेची आणि दुपारनंतर दक्षिणेची, पुढच्या आठवड्यात उलट. याचं वर्षभराचं वेळापत्रक विमानतळाच्या संकेतस्थळावर असतं. मी ते छापून नेलं होतं. त्या आठवड्यात 3 पर्यंत दक्षिणेच्या धावपट्टीवर उतरणार होते, आणि दक्षिणेच्या धावपट्टीच्या तोंडाशीच विमानवेड्यांची ती सुप्रसिद्ध मर्टल अव्हेन्यू.

आदल्या रात्री जेवताना मी साडूंना कागद दाखवला. म्हटलं, एक वाजेपर्यंत पोहोचू, दोन तास मिळतील. त्यांनी कागद चष्मा न लावताच परत दिला. "अरे, मी इथे पंधरा वर्षं राहतोय. विमानं दिवसभर उतरतात. आरामात जाऊ."

आरामात गेलो. मर्टल अव्हेन्यूला जायला हॅटन क्रॉसला उतरायचं, तिथून चालत. हाउन्स्लो वेस्टपासून ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, पिकॅडिली लाइनवर ते पुढचंच स्टेशन आहे. एकच स्टेशन! पण पाहुण्याला ट्यूबने न्यायचं म्हणजे कमीपणा, म्हणून गाडी काढली. मर्टल अव्हेन्यू ही राहत्या घरांची साधी गल्ली, तिच्या टोकाला हिरवळीचा तुकडा. गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली. हिरवळीवर पाय ठेवला तेव्हा घड्याळात 2 वाजून 48 मिनिटं.

ती जागा मात्र खरंच तशीच आहे. विमान घरांच्या कौलांमागून एकदम वर येतं, चाकं खाली, इतकं जवळ की टायरवरच्या रेघा दिसतात. ते गेल्यावर चार-पाच सेकंद शांतता, आणि मग वर हवेत कुणीतरी चाबूक ओढल्यासारखा सळसळत आवाज. पंखांच्या टोकांपासून निघालेले भोवरे खाली येतात, त्यांचा. हे मला कुठल्याच व्हिडिओत नीट ऐकू आलं नव्हतं. दर दीड-दोन मिनिटांनी एक विमान. बहुतेक सगळी एअरबस ए-320 च्या कुळातली लहान विमानं, एक मोठं बोइंग 777. दूर पूर्वेला दिवे एकामागे एक लटकलेले दिसत होते आणि मी त्यातला कुबडवाला दिवा कुठला याचा अंदाज घेत होतो.

आमच्या शेजारी एक गोरे आजोबा घडीच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर वही, पायाशी थर्मास. 2 वाजून 55 ला त्यांनी वही मिटली, चहाचा उरलेला घोट गवतात ओतला, खुर्चीची घडी घातली आणि चालायला लागले.

साडू म्हणाले, "बघ, म्हातारा कंटाळला."

मी काही बोललो नाही. मला कळलं होतं.

तीन वाजले. आणखी एक ए-319 आलं. मग काही नाही. आकाशातली ती दिव्यांची माळ कुणीतरी उचलून उजवीकडची डावीकडे ठेवावी तशी उत्तरेला सरकली. साडू म्हणाले, ट्रॅफिक कमी असेल. थोड्या वेळाने म्हणाले, वारा बदलला असेल. वारा काही बदलला नव्हता, माझ्या टोपीला विचारा. 3 वाजून 12 मिनिटांनी उत्तरेकडच्या छपरांच्या वर मला ते दिसलं. काडेपेटीएवढं. पण कुबड काडेपेटीएवढं असलं तरी ओळखू येतं.

त्याच मिनिटाला फोन वाजला. बायकोचा व्हॉट्सअ‍ॅप. साडूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला फोटो. खिडकीत बेसिल की पुदिना कसलीशी कुंडी, आणि तिच्या वर, अख्खी चौकट भरून, चारही इंजिनं आणि सगळी चाकं दिसतील असं 747. खाली लिहिलं होतं: "हेच का तुझं दुमजली?"

साडूंचं घर उत्तरेच्या धावपट्टीच्या रेषेखाली आहे! पंधरा वर्षं.

संध्याकाळी चहाला हा विषय निघाला तेव्हा मेव्हणी शांतपणे म्हणाली, "तीनलाच बदलतात ना. एक आठवडा माझी दुपारची झोप होते, एक आठवडा होत नाही. हा आठवडा न होणारा." साडूंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती हे आज पहिल्यांदा सांगतेय. तिने सांगितलं, गेली कित्येक वर्षं सांगतेय, माझं ऐकतं कोण.

ब्रिटिश एअरवेजने जुलै 2020 मध्ये आपली सगळी 747 एकदम निवृत्त केली. हीथ्रोवरची शेवटची दोन 8 ऑक्टोबर 2020 ला उडाली. एअर इंडियाचं शेवटचं 747 मुंबईहून 22 एप्रिल 2024 ला गेलं, जाताना पंख डावीकडे-उजवीकडे हलवून निरोप देत. तो निरोप मी ऑफिसात फोनवर पाहिला. म्हणजे माझी ती दुपार गेली ती गेलीच. साडू अजून म्हणतात, "विमान दिसलं ना? फोटो आहे ना?" फोटो आहे. बायकोने काढलेला.

आता तुमचा प्रश्न. जागेची नावं पाठ करून काही होत नाही. जागा वाऱ्यावर ठरते. विमान वाऱ्याच्या समोरून उतरतं आणि वाऱ्याच्या समोरच उडतं, त्यामुळे वारा फिरला की तुमची उत्तम जागा विमानतळाचं चुकीचं टोक होते. सिंगापूरचं चांगी बीच पार्क घ्या. सगळे सांगतात वाळूवर बसा, विमानं डोक्यावरून उतरतात. जून ते सप्टेंबर वारा दक्षिणेचा असतो तेव्हा उतरतात. आपले लोक जातात नाताळच्या सुट्टीत, तेव्हा ईशान्येचा वारा, विमानं दक्षिणेकडून येतात आणि तुमच्या डोक्यावरून फक्त उडतात, तेही बरीच उंचावर गेलेली. मग माघारी येऊन लिहितात, जागा काही खास नाही.

तेव्हा आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघा आणि सकाळी निघायच्या आधी फ्लाइटरडारवर (उडणारी विमानं नकाशावर दाखवणारं अ‍ॅप) दहा मिनिटं नजर ठेवा, कुठल्या टोकाने उतरताहेत ते लगेच कळतं. मग नकाशावर त्या टोकाच्या रेषेत बाग, टेकडी, नाहीतर बसथांबा शोधा. फोटो हवे असतील तर सूर्य पाठीशी घ्या. युरोपात पूर्व-पश्चिम धावपट्टी असेल तर तिच्या दक्षिणेला उभं राहायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

झुरिकला तिकीट काढून जायची गच्ची विमानतळावरच आहे, कुटुंबाला तीच बरी, बाकीच्यांना निदान बसायला मिळेल. तिथेही झोपेचाच मामला आहे बरं का. पहाटे जर्मनीच्या हद्दीवरून खाली येऊ देत नाहीत, म्हणून सकाळी लवकर दक्षिणेकडून, शहराच्या बाजूने उतरवतात. वाटेत म्युनिक असतं तर सांगितलं असतं की तिथे बघणाऱ्यांसाठी मुद्दाम टेकडी केलीय आणि त्या जागेचं वेगळं एस-बान (लोकल रेल्वे) स्टेशन आहे. जर्मन लोकांकडून शिकावं.

दुबईत मात्र कॅमेरा बॅगेतच राहू द्या. गंमत नाही सांगत. अमिरातींमधल्याच फुजैराला फेब्रुवारी 2015 मध्ये विमानं टिपत बसलेल्या तीन ब्रिटिश माणसांना पकडलं, दोनेक महिने तुरुंगात काढावे लागले. त्याआधी 2001 मध्ये ग्रीसमध्ये कलामाटाच्या हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच लोक हेरगिरीच्या आरोपाखाली धरले गेले, निर्दोष सुटायला वर्ष गेलं. छंद आपल्याला निरागस वाटतो, पहारेकऱ्याला वाटेलच असं नाही. सहा तास टर्मिनलच्या काचेतून डोळ्यांनी बघा, मुलाला तेवढं पुरतं.

हीथ्रोच्या वेळापत्रकाबद्दल एक राहिलं. ते पश्चिमेचा वारा असेल तेव्हाचं. पूर्वेचा वारा सुटला की विमानं विंडसरच्या बाजूने येतात आणि तीनची अदलाबदल वगैरे काही नाही. सकाळी सहा-सातच्या गर्दीत दोन्ही धावपट्ट्यांवर उतरवतात. म्हणजे माझा छापलेला कागदही काही वेद नव्हे.

आणि साडूंबद्दल, कारण हे उत्तर कधीतरी त्यांच्यापर्यंत जाणारच: माणूस फार चांगला. त्या दिवशी एक वाजता निघणं झालं नाही याला थोडा मीही जबाबदार होतो. मुंबईहून नेलेल्या हापूसचा आमरस होता आणि तिसरी वाटी मी मागून घेतली. तिसरी, दुसरी नव्हे. पण कागद त्यांनी चष्मा लावून वाचला असता तर मी दुसरीवर थांबलो असतो.

काकांना नाही म्हणू नका, वाईट वाटेल. लंडनला पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी काकूंना एकटं गाठा आणि विचारा, या आठवड्यात दुपारची झोप होतेय का. आणि हॅटन क्रॉसला ट्यूबने जा.