ब्रेक पॅड आणि डिस्क घरी बदलता येतात का?

आठ वर्षे वापरलेल्या छोट्या गाडीच्या पुढच्या चाकांतून ब्रेक दाबताना किरकिर आवाज येतो, गॅरेजमध्ये पॅडबरोबर दोन्ही डिस्कही बदलायला सांगितल्या आहेत, तर हे काम कोल्हापुरात घराच्या अंगणात करता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. करता येईल. मी स्वतःच्या गाडीचे हे काम घरीच करतो. मात्र माझे पोट उद्यमनगरातल्या लेथवर चालते, त्यामुळे पाना हातात घेण्याआधी माप घेण्याची खोड मला आहे आणि या कामात तीच सर्वांत उपयोगी पडते.

बहुतेक पॅडना पोलादी पट्टीची एक छोटी जीभ असते. घर्षणाचा थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासते आणि चालकाला कळावे म्हणून मुद्दामच किरकिरते. थर इतका उरला असेल तर पॅड बदलायचेच. पण डिस्कचा निर्णय आवाजावरून किंवा रंगावरून घेऊ नका. आपल्याकडच्या पावसात गाडी एक रात्र उघड्यावर राहिली तरी सकाळी डिस्क तांबूस दिसते आणि तो गंज पहिल्या चार-पाच ब्रेकांत निघून जातो. डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेला तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते. प्रत्यक्ष जाडी व्हर्निअरने, म्हणजे दोन जबड्यांत धरून माप देणाऱ्या पट्टीने, मोजताना एक फसगत होते: डिस्क पॅड घासतो तेवढ्याच पट्ट्यात झिजते, बाहेरच्या कडेला न झिजलेली धार उभी राहते, व्हर्निअरचे जबडे त्या धारेवर टेकतात आणि झिजलेली डिस्कही मापात नव्यासारखी भरते. मायक्रोमीटर नसेल तर धारेच्या आत दोन्ही बाजूंना एकेक नाणे टेकवून माप घ्यावे आणि नाण्यांची जाडी त्यातून वजा करावी. हे चार ठिकाणी करावे. माप किमान जाडीच्या जवळ आले असेल, तडे दिसत असतील किंवा चर खोल असतील तर डिस्क बदलावी. जाडी पुरेशी असेल तर नुसते पॅड बदलून भागते. डिस्कवर लेथमध्ये पास मारून, म्हणजे वरचा पातळ थर कातून, देणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत, पण त्यानंतर उरणारी जाडी किमान मापाच्या वर राहणार नसेल तर तो खर्च वाया जातो, हे मी स्वतःच्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो. पॅड असोत वा डिस्क, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात.

गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत आणि चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीशी झटापट करू नये, खाली स्टँड हवाच. कॅलिपरचे, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचे, बोल्ट सोडले की तो तारेने वर टांगून ठेवावा. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचा भार येता कामा नये. डिस्कला पकडणारा छोटा स्क्रू आणि स्वतः डिस्क, दोन्ही गंजाने हटून बसतात. अनेक डिस्कना आट्यांची दोन भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळले की डिस्क ढकलली जाऊन सुटते आणि हातोड्याची गरज पडत नाही.

डिस्क निघाल्यावर दिसणारा हबचा (ज्यावर डिस्क आणि चाक बसते त्या तुंब्याचा) सपाट भाग ही या कामातली सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. पहिल्या वेळी मी नवी डिस्क तशीच गंजावर चढवली. सुरुवातीला काहीच जाणवले नाही, पण दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पन्हाळा उतरताना पेडल पायाखाली धडधडू लागले. डिस्कच खराब निघाली असे धरून मी ती लेथवर चढवली, तर डायल गेजमध्ये, म्हणजे बारीकशी डगमगही काट्याने दाखवणाऱ्या मापकात, ती सरळ होती आणि गाडीच्या हबवर लावल्यावर मात्र काटा हलत होता. हबवर गंजाचा ०.०५ मिलिमीटरचा पापुद्रा राहिला तरी डिस्कच्या कडेला तो फरक जवळपास दुप्पट होतो, फेरीगणिक डिस्कचा एकच भाग पॅडला चाटतो आणि तिची जाडी हळूहळू असमान होते. ‘डिस्क वाकली’ असे आपण म्हणतो त्यामागे पुष्कळदा हेच असते. म्हणून तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन हब चकचकीत होईपर्यंत घासावा, या घासण्याला अर्धा तास गेला तरी चालेल.

नव्या डिस्कवर गंज चढू नये म्हणून लावलेले तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावे. कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे आणि पॅडच्या घर्षणाच्या बाजूला ग्रीसचे बोटही लागू देऊ नये. जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन सावकाश मागे दाबताना वरच्या डबीतले ब्रेक ऑइल चढते, त्याकडे लक्ष ठेवावे; ते रंगावर सांडले तर रंग उचलते. ब्रेकची काळी धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत. मागच्या चाकांना डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर मात्र तिथे हे करू नका; त्या पिस्टनला मागे घेण्यासाठी अनेक गाड्यांत स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र, लागतो.

गाडी सुरू करून हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पुनःपुन्हा दाबा, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडला भिडेपर्यंत ब्रेक लागणारच नाही. ते मऊच राहिले तर गाडी रस्त्यावर आणू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मी पहाटे गगनबावड्याच्या रस्त्याला बालिंगा ओलांडून जातो, ऊसवाल्या ट्रॉल्यांच्या हंगामात तर आणखी लवकर. मागे कोणी नसताना ताशी ६० वरून १०पर्यंत बेताचा ब्रेक लावत वेग उतरवायचा, मध्ये अर्धा किलोमीटर गार होऊ द्यायचे, असे आठ-दहा वेळा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी मात्र करायची नाही. थोडा जळका वास येईल, त्याने घाबरू नका. परतल्यावर गाडी गार झाली की चाकाचे नट एकदा पुन्हा तपासा.