क्वर्त म्हणजे चौथा, मग तो गुलामच का?

प्रश्न : आमच्या सदरच्या चर्चमधे रविवारी बायबलातल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय वाचला, नुसती नावंच नावं. नंतर चहा पिताना एक काका म्हणाले की तर्तियस म्हणजे तिसरा आणि क्वर्त म्हणजे चौथा, मालक गुलामांना अशीच नंबरची नावं द्यायचे, म्हणजे ही मंडळी गुलामच. नावावरून असं खरंच ओळखता येतं का?
– एक वाचक, सदर

उत्तर : काका अर्धे बरोबर आहेत. मालक गुलामाला आपल्या मर्जीचं नाव ठेवायचा, कधी देवाचं म्हणजे हर्मेस, कधी मुलखाचं म्हणजे पर्सीस (पर्शियाची बाई), आणि ही दोन्ही नावं त्याच अध्यायात आहेत. अनेसिम म्हणजे कामाचा. त्याच्या मालकाला, फिलेमोनला, लिहिताना पौल त्यावरच कोटी करतो, आधी बिनकामाचा होता आता कामाचा झाला म्हणून! पण तो गुलाम होता हे आपल्याला पत्रात लिहिलंय म्हणून कळतं, नुसत्या नावावरून नाही.

आता नंबरचं बघा. रोमचा नामांकित वक्ता सिसेरो, त्याच्या सख्ख्या भावाचं नाव क्विंतुस, म्हणजे पाचवा, आणि हा गडी आशिया प्रांताचा गव्हर्नर होता, गुलाम काहून म्हणायचं त्याला? त्याच घरात तिरो नावाचा गुलाम होता, तो सुटल्यावर मालकाची दोन नावं पुढे लागून मार्कुस तुल्लियुस तिरो झाला, म्हणजे जुनं नाव शेपटीला राहिलंच. पूर्ण नाव असलं तर असा माग काढता येतो पण पौल बहुतेकांचं एकच नाव लिहितो, तिथे आपला धागा तुटला.

आणि फेलिक्स? म्हणजे सुखी, नशीबवान, गुलामांत नेहमीचं नाव. बायबलातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलाला कैदेत ठेवणारा यहूदियाचा सुभेदार फेलिक्स खरंच आधी गुलाम होता, पण नुसतं नाव वाचून सुभेदारी कळली असती का?

आपल्याकडे वानखेडे म्हटलं की कुणबी का बौद्ध ते सांगता येत नाही, तरी लोक आडनाव ऐकून मनात खाना ठरवून मोकळे होतात ना, तसंच हे. माझं म्हणाल तर नावापेक्षा त्याच्या आजूबाजूचे शब्द बघा. त्याच 16व्या अध्यायात ‘नार्किसाच्या घरातले’ असं लिहिलंय तिथे मला गुलाम आणि सुटलेले गुलाम जास्त दिसतात, एरास्त तर शहराचा खजिनदार म्हणून लिहिलाय, त्याची पायरी हुद्द्यानंच कळते. क्वर्ताला मात्र पौल नुसतं बंधू म्हणतो. तो गुलाम असेल किंवा घरातलं चौथं पोरगं.