सोनोग्राफीत गाठ दिसली, मग सीटी कशासाठी?

ठाण्यात नौपाड्यातील माझ्या समुपदेशन कक्षात मूत्रपिंडाच्या गाठीचा अहवाल घेऊन येणारी बहुतेक कुटुंबे आजाराआधी तपासण्यांविषयीच विचारतात. गेल्या पावसाळ्यात कोपरीहून आलेल्या, साठी ओलांडलेल्या एका काकांचेही तसेच होते. पित्ताशयातील खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या उजव्या मूत्रपिंडात साडेतीन सेंटिमीटरची भरीव गाठ आढळली होती आणि यूरोलॉजिस्टनी डाय (चित्रात रक्तप्रवाह उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन करण्यास सांगितले होते. शेजाऱ्यांच्या मते एमआरआय त्याहून ‘वरचा’ होता, मुलाला थेट पेट स्कॅन हवा होता, आणि आपल्याला उगाच एकेक पायरी चढायला लावत आहेत, असा काकांचा समज झाला होता.

सोनोग्राफीने आपले काम चोख केले होते, कारण गाठ पाण्याची नसून भरीव आहे, हे तिनेच सांगितले. मात्र गाठीत रक्तपुरवठा कसा आहे, हे साधी सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही. सीटीत आधी डायशिवाय आणि नंतर डाय देऊन ठरावीक वेळाने चित्रे घेतात. डायनंतर गाठीची घनता २० हाउन्सफील्ड एककांनी (सीटीत घनता मोजण्याचे एकक) किंवा अधिक वाढली, तर तिच्यात रक्त खेळते आहे असे मानतात आणि कर्करोगाची शंका बळावते. (सीटीच्या शोधासाठी १९७९ चे नोबेल मिळालेल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव या एककाला आहे, हे ऐकल्यावर इंजिनिअर असलेला मुलगा प्रथमच सरसावून बसला.) उलट डायशिवायच्या चित्रांत गाठीत चरबी दिसली, तर ती बहुधा अँजिओमायोलायपोमा ही कर्करोग नसलेली गाठ असते. मूत्रपिंडाची शीर आणि आसपासच्या ग्रंथीही त्याच तपासणीत दिसतात.

एमआरआय कमी प्रतीचा नाही. त्यात क्ष-किरण नसतात. सीटीच्या डायची ॲलर्जी असेल, गुंतागुंतीची सिस्ट (पाण्याची गाठ) असेल किंवा गाठ मोठ्या शिरेत शिरल्याची शंका असेल, तर तो विशेष उपयोगी पडतो. पेट स्कॅनची अडचण वेगळी आहे: नेहमी वापरली जाणारी किरणोत्सारी साखर लघवीवाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड मुळातच उजळून निघते आणि त्यात गाठ झाकली जाऊ शकते. म्हणूनच या आजाराच्या पहिल्या निदानासाठी तो सहसा सांगत नाहीत. जास्त पैसे मोजले की जास्त खात्री मिळते, हा समज मला रोज भेटतो आणि तो काढताना दमछाक होते.

“सीटीत कॅन्सर आहे की नाही ते नक्की कळेल ना?” काकांनी विचारले. मी होकार दिला नाही. चार सेंटिमीटरपर्यंतच्या ज्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्या जातात, त्यांपैकी सुमारे पाचातली एक नंतर सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेली, निघते. काही वेळा सुईने तुकडा घेऊनच उलगडा होतो.

काकूंनी तोवर एक शब्दही काढला नव्हता. “ह्यांना मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे, ते सांगायचं का?” त्यांनी विचारले. तासाभरातला सर्वांत कामाचा प्रश्न हाच होता. डाय देण्याआधी डॉक्टरांना क्रिएटिनिनचा आकडा (मूत्रपिंड किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) आणि ही गोळी दोन्ही ठाऊक असावी लागतात. मी दोन्ही गोष्टी अहवालाच्या पाकिटावर ठळक लिहून दिल्या.