वाचकांचे प्रश्न : गळ, जेट्टी आणि व्हीलचेअर

प्रश्न : अपघातात माझ्या थोरल्या भावाची कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेली. आधी दर रविवारी तो गळ टाकायला जायचा. परवा हौसेने चौपाटीवर नेला, तर दहा पावलांत व्हीलचेअर रुतली आणि तो खट्टू होऊन परतला. पुन्हा न्यावं का? (एक वाचक, विक्रोळी)

उत्तर : जरूर न्या, फक्त वाळूवर नको. खुर्चीची पुढची चाकं लहान आणि अरुंद. भार आला की ती नांगरासारखी घुसतात. टायरची हवा कमी करा, असं कुणी सुचवेल. त्याने मागची चाकं थोडी बरी चालतात, पण ब्रेकची पट्टी टायरवरच दाबते. हवा कमी झाली की ब्रेक लागल्यासारखा दिसतो, लागत मात्र नाही. पाण्याकाठी हे फार वाईट.

सिमेंटची सपाट जेट्टी शोधा, आधी स्वतः पाहून या. ती कोळी बांधवांच्या रोजच्या कामाची जागा, तेव्हा त्यांना विचारून कोपरा घ्या. वाटेत १५ सेंमीच्या दोन पायऱ्या असल्या तर १:१२ उताराला ३.६ मीटर लांब फळी लागेल. ती कोण वाहून नेणार? दोघांनी खुर्ची पाठमोरी चढवावी. पुढच्याने फ्रेमच धरायची; हातटेकू किंवा पायटेकू धरला तर तो हातात निघून येतो.

खुर्ची काठाला समांतर लावा, सहा फूट आत. जेट्टीला पाणी निचरायला उतार असतो, म्हणून चाकांपुढे आणि मागे विटा हव्यात. भावाला लाइफ जॅकेट घाला. कमरेचा पट्टा एका हाताने झटकन सुटणारा असावा.

वेळ पंचांगातून काढा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा अंदाजे तास : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याआधी दोन तास बसा, चढत्या पाण्याला मासा चांगला लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मात्र जाऊ नका. पाणी जेट्टीवर उडतं आणि शेवाळावर चाक घसरतं.

काठी सात-आठ फुटी पुरे. ५० मिमीचा पीव्हीसी पाइप फूटभर कापून खुर्चीच्या फ्रेमला दोन क्लॅम्पनी बसवा, की काठी उभी राहते. निघणाऱ्या हातटेकूला तो कधीच बांधू नका. रिळाचा ड्रॅग (दोरीवरची पकड) ढिला ठेवा, म्हणजे मोठा मासा ओढेल तेव्हा तंगूस (गळाची दोरी) सुटेल, खुर्ची कलंडणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. गळाचं टोक किंवा शिंगाळा माशाचा काटा मांडीत घुसला तरी भावाला कळणार नाही, आणि तो काटा विषारी असतो. मांडीवर जाड ताडपत्री घाला, पायात बूट हवेत, मासा त्याच्या मांडीवर काढू नका. काटा लागलाच तर गरम पाण्याचा शेक देतात; पाणी आधी तुमच्या कोपराने तपासा, नाहीतर भाजून नवीनच जखम व्हायची. मग थेट डॉक्टरांकडे न्या. दर वीस-तीस मिनिटांनी त्याला पुढे वाकवून दीड-दोन मिनिटं बैठकीवरचा भार हलका करा. दुखापतीखाली घाम नीट येत नसल्याने अंग लवकर तापतं, म्हणून मानेवर ओला पंचा ठेवा. घरी आल्यावर आरशाने पाठ आणि बैठक तपासा. लाल डाग दाबूनही फिका पडत नसेल, तर तिथला भार पूर्ण काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझ्या मुलाला नेमबाजीचं वेड आहे, पण हातात जोर नाही. शिकारीला कुठे नेता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : शिकारीला नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मुळे ती बंद आहे, आणि ते योग्यच आहे. नेमबाजी मात्र अवश्य शिकवा. अवनी लेखराने व्हीलचेअरवरून १० मीटर एअर रायफलमध्ये टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण मिळवलं. तिचा गट एसएच-१. त्यात रायफलचा भार खेळाडू स्वतः पेलतो. ज्यांना तो पेलत नाही त्यांच्यासाठी एसएच-२ असून त्यात रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर टेकते, खेळाडूकडे नेम आणि ट्रिगर. प्रशिक्षकाशी याच गटाबद्दल बोला. मुलगा व्हीलचेअर वापरत असेल तर फी भरण्याआधी टेप घेऊन रेंजवर जा. टेबलाखाली खुर्ची गुडघ्यांसकट शिरते का पाहा, आणि स्वच्छतागृहाचं दार ९० सेंमी रुंद आहे का तेही मोजा.