गाडीचं दुखणं: टेम्परेचर सेन्सर खरंच गेलाय का?

प्रश्न (कराडहून एक वाचक): माझी पेट्रोल गाडी ९ वर्षं जुनी आहे, ८५ हजार किलोमीटर झालेत. गेले दोन महिने सकाळी गार इंजिन असतानाच, चावी फिरवली की रेडिएटरचा फॅन सुरू होतो तो बंदच होत नाही. अॅव्हरेज १७ वरून १३ वर आलंय, चेक इंजिनचा दिवा पण लागलाय. एक मेस्त्री म्हणतो सेन्सर गेला, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट बदला. आधी काय करू?

उत्तर: दादा, आधी काहीच बदलू नका, आधी तपासा. आमच्या धंद्यात याच दुखण्यावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार चालतो.

हा सेन्सर म्हणजे पितळेची किंवा प्लास्टिकची बोटाएवढी वस्तू, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) घराजवळ नाहीतर सिलिंडर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला बसवलेली, आणि तिचं टोक कायम कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात बुडालेलं असतं. आत थर्मिस्टर असतो, म्हणजे गार असताना त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) जास्त आणि तापला की कमी. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्याला ५ व्होल्टची लाईन देतो आणि व्होल्टेज किती पडलं त्यावरून इंजिन किती तापलंय ते ओळखतो. मग पेट्रोल किती सोडायचं, फॅन कधी लावायचा, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना थंडीत चोक ओढायला लागायचा ना, ते काम आता हा सेन्सर बघून ईसीयू करतो. सेन्सर चुकून "इंजिन अजून गारच आहे" असं सांगत राहिला तर समजा चोक ओढलेलाच राहिला, मग अॅव्हरेज पडणार, सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास येणार, आणि गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी परत स्टार्ट करायला गेलात की त्रास देणार.

आता तुमचा फॅन. सेन्सरची वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला तर ईसीयूला उणे ४० डिग्री असा अशक्य आकडा दिसतो, त्याला कळतं की इथं गडबड आहे, मग बऱ्याच गाड्यांत तो इंजिन वाचवायला फॅन सरळ चालूच ठेवतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला असता तर उलट इंजिन तापायलाच वेळ लागला असता, फॅन असा पहिल्या मिनिटाला लागला नसता. म्हणून मला सेन्सरच्या लाईनचा संशय आहे, एसी बंद ठेवूनही फॅन फिरतोय आणि फॅनचा रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चिकटलेला नाही एवढं मात्र बघून घ्या. ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी ०११७ किंवा पी ०११८ आला तर सर्किटचा दोष, पी ०१२८ आला तर थर्मोस्टॅटकडे आधी बघायचं.

मग कनेक्टर काढा. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे अशीच गाडी आली होती, दोन ठिकाणी दोन सेन्सर टाकून झालेले, मी कनेक्टर उघडला तर एका पिनेवर हिरवा गंज आणि मागची वायर उंदरानं अर्धी कुरतडलेली. वायर जोडली, पिना साफ केल्या, फॅन शांत. तो जुना सेन्सर पूर्ण चांगला होता हो, ते बघून मला अजून वाईट वाटतं.

वायर ठीक असेल तर सेन्सर काढा, त्याचं टोक पाण्यात धरून पाणी तापवत जा आणि मल्टिमीटरनं रेझिस्टन्स मोजा. बऱ्याच गाड्यांत २० डिग्रीला अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० ला ३०० च्या आसपास आणि उकळत्या पाण्यात २०० च्या आत असा आकडा येतो, तुमच्या गाडीचा नेमका तक्ता मॅन्युअलमध्ये बघा. पाणी तापवायचं पातेलं जुनं घ्या आणि ते परत स्वयंपाकाला अजिबात वापरू नका, कूलंट विषारी असतं. पाणी तापत जाईल तसा आकडा सरळ उतरत गेला पाहिजे, मध्येच उडी मारली किंवा एका जागी थांबला तर सेन्सर बदला.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): आमच्या गाडीत टेम्परेचरचा काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा आहे. कसारा घाट चढताना लाल दिवा लागला. हे म्हणाले सेन्सर खराब असेल, चालव. मी थांबवली. बरोबर केलं का?

उत्तर: ताई, शंभर टक्के बरोबर केलंत. निळा दिवा म्हणजे इंजिन गार, लाल म्हणजे जास्त तापलंय, आणि घाटात लागलेला लाल दिवा खरा मानायचा. सेन्सरवर संशय घ्यायचा तो सकाळी गार गाडीत लाल लागला तर. माझ्या एका गिऱ्हाइकानं असाच दिवा लागलेला असताना अजून दहा किलोमीटर रेटली, सिलिंडर हेड वाकलं, त्याखालचं सील म्हणजे हेड गॅस्केट गेलं, सेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आला. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, कूलंट गळून कमी झालं की सेन्सरचं टोक पाण्याऐवजी वाफेत राहतं आणि मग तो खोटा कमी आकडाही दाखवतो, म्हणजे दिवा विझला म्हणून धोका टळला असं नाही. थांबल्यावर एसी बंद करा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, तोवर रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, आतलं पाणी दाबाखाली १०० डिग्रीच्या वर गेलेलं असतं, झाकण उघडलं की थेट तोंडावर येतं.

प्रश्न (कोल्हापूरहून एक वाचक): हा सेन्सर किती किलोमीटरला बदलायचा?

उत्तर: ऑइल फिल्टरसारखा ठरलेला हिशोब याला नाही, बिघडला की बदलायचा. फक्त बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका, त्याचा पांढरा थर टोकावर बसतो आणि मग सेन्सर उशिरा बोलायला लागतो. बदलताना इंजिन पूर्ण गार पाहिजे, नवीन ओ-रिंग किंवा वॉशर घाला, जोर लावून आवळू नका, प्लास्टिकचं घर चिरतं. नंतर कूलंट भरून आतली हवा काढायला विसरू नका, नाहीतर नवा सेन्सर पण हवेच्या बुडबुड्यात बसेल आणि तुम्ही परत मेस्त्रीच्या दारात याल.