हरभऱ्यावर पारवे : इंग्लंडसारखी खोटी कबुतरं शेतात मांडावीत का?

प्रश्न (बार्शी तालुका) : हरभरा पेरला की दोन दिवसांत पारव्यांचे थवे उतरतात आणि बी वेचून खातात. इंग्लंडमध्ये शेतकरी प्लॅस्टिकची कबुतरं मांडून दिवसभर बंदुकीनं पारवे पाडतात, असा व्हिडिओ पाहिला. आपल्याकडे हे करता येईल का? निदान ती खोटी कबुतरं तरी शेतात ठेवावीत का?

उत्तर : बंदुकीचा विचार सोडून द्या. होला, हरियाल हे पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. हरियाल तर आपला राज्यपक्षी, आणि तोही कबुतराच्याच कुळातला. शेतावर येणाऱ्या थव्यात पारव्यांबरोबर होलेही असतात आणि छर्रा दोघांत फरक करत नाही. पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक असली, तरी त्या परवान्यानं पक्षी मारायची मुभा मिळत नाही.

खोटी कबुतरंही नकोत. का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी जुलैअखेर इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये एका शेतकऱ्याबरोबर मी अख्खा दिवस आडोशात बसलो होतो. पावसानं गहू लोळला होता आणि त्या लोळलेल्या पट्ट्यांवर वूड पिजन तुटून पडत होते. हा पक्षी आपल्या पारव्यापेक्षा थोराड, वजनाला साधारण अर्धा किलो. मानेवर पांढरा डाग, पंखावर पांढरा पट्टा. उभ्या गव्हात त्याला उतरता येत नाही, लोळलेल्यात येतं. आपल्याकडे लोळलेल्या ज्वारीतही पाखरं आधी तिथंच शिरतात, ते याच कारणानं.

त्या शेतकऱ्यानं आदल्या दिवशी बंदूक हातातही घेतली नव्हती. बांधावर बसून नुसतं पाहिलं होतं : पक्षी कुठल्या झाडीतून निघतात, कुठल्या वाटेनं येतात, किती वाजता. सकाळी त्या वाटेखालच्या कुंपणाला त्यानं जाळी लावून आडोसा केला, वारा पाठीवर घेतला. समोर वीस-पंचवीस पावलांवर डिकॉय, म्हणजे तीच खोटी कबुतरं, घोड्याच्या नालासारखे मांडले आणि मधली जागा मोकळी सोडली. सगळ्यांची तोंडं साधारण वाऱ्याकडे, कारण पक्षी वाऱ्याला तोंड देऊनच उतरतो आणि खातानाही तसाच उभा राहतो. दोन-तीन डिकॉय लवचिक काड्यांवर पिकाच्या वर झुलत होते, नुकतेच उतरत असल्यासारखे. पडलेले पक्षी तो लगेच गोळा करी. पांढरट पोट वर करून एखादा उताणा राहिला, तर येणारा थवा बिचकून वळतो, असं त्यानं दाखवलं. तसं एकदा झालंही. मी स्वतः पाहिलं.

दुपारपर्यंत सत्तरच्या वर पक्षी पडले. एकाची गळ्याखालची अन्नपिशवी त्यानं माझ्यासमोर उघडली. गव्हाच्या दाण्यांनी ती गच्च भरली होती. पक्षी वाया गेले नाहीत, मांसासाठी विकले गेले. तिथंही हे मोकाट चालत नाही. पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी म्हणून सरकारचा सर्वसाधारण परवाना असतो, त्याला अटी असतात. 2019 मध्ये कायदेशीर आक्षेपानंतर इंग्लंडमधले असे परवाने काही काळ रद्दही झाले होते.

मी तिथून शिकलो ते हे. डिकॉय बुजगावण्याच्या बरोबर उलट काम करतो : ‘इथं दाणा आहे, धोका नाही’ असं तो वरून जाणाऱ्या थव्याला सांगतो. बंदुकीशिवाय तो शेतात ठेवला, तर तुम्ही पारव्यांना आमंत्रणच द्याल. आणि जे काम डिकॉय करतो, तेच काम तुमच्या शेतात पहिले उतरलेले चार पारवे करतात.

म्हणून ते चार बसू देऊ नका. पेरणीआधी दोन सकाळी बांधावर बसा आणि थवा कुठून येतो ते पाहा. जुना वाडा, विहीर, पाण्याची टाकी, कुठूनतरी ठरलेली वाट असतेच. राखण करणारा माणूस त्याच बाजूला उभा करा, उजाडायच्या आत. नऊ वाजता गोफण घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो. चमकती फीत पीळ देऊन, पाच-पाच मीटरवर ओळीनं ताणा. पीळ असला की ती चमकतेही आणि वाऱ्यावर गुणगुणतेही. बुजगावणं रोज जागा बदलून ठेवा. एका जागी राहिलं तर पारवे आठवड्यात त्याच्या डोक्यावर बसतील.

सगळ्यात स्वस्त उपाय पाभरीत, म्हणजे पेरणीच्या अवजारात आहे. बी साधारण पाच सेंटिमीटर खोल पडू द्या आणि मागून नीट झाकून घ्या. पारवा कोंबडीसारखा पायानं माती उकरत नाही. वर उघडं पडलेलं आणि उथळ राहिलेलं बीच तो चोचीनं टिपतो. तासाच्या, म्हणजे पेरलेल्या ओळीच्या टोकाला, जिथं पाभर वळते, तिथं बी सांडतं. थवा आधी तिथंच उतरतो. ते सांडलेलं बी त्याच संध्याकाळी मातीआड करा.

विष लावलेले दाणे टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यानं होले मरतात, मोर मरतात, गावातल्या कोंबड्याही मरतात.

राखण उगवण पूर्ण होऊन रोपं दोन-चार पानांवर येईपर्यंत करा. हवामानाप्रमाणे दहा-बारा दिवस लागतील. घरात माणसं कमी असतील, तर शेजारच्या तिघा-चौघांनी एकाच आठवड्यात पेरणी करून पाळ्या लावून घ्या.