फाल्गुन-चैत्रातल्या सोप्या वाटा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परीक्षा संपली की डोंगरात जायचं म्हणतोस, हे वाचून फार बरं वाटलं. पण यादीत पहिलं नाव भीमगडाचं आहे, ते तूर्त खाली सरकव. २०११ पासून तिथं अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि करवंदं-जांभळं पिकायला लागली की खानापूरच्या रानात अस्वलं त्यांच्या मागावर असतात. या दिवसांत कुठं जायचं ते गडाच्या उंचीवरून नाही, झाडांवरून ठरवावं, असं माझं मत आहे. वाट सोपी असली की नजर पायाखाली अडकत नाही.

सुरुवात बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडापासून कर. वरपर्यंत डांबरी सडक आहे, तरी गावातून चालतच जा. उजाडायच्या आत निघालास तर ऊन तापेपर्यंत सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन तटावर पोचशील. खाली भाताची शिवारं मोकळी पडलेली दिसतील. भातामागून पेरलेला मसूर-वाटाणाही तोवर निघालेला असतो. सावली मात्र फारशी नाही, म्हणून नऊ-साडेनऊला उतरायला लाग.

दुसरी वाट वैजनाथची, आणि ती माझी सगळ्यात लाडकी. देवरवाडीचा हा डोंगर चंदगड तालुक्यात, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, पण बेळगावकरांना तो कधी परका वाटला नाही. वैजनाथाच्या देवळापासून महिपालगडाकडे चालत जा आणि घाई अजिबात करू नकोस. अंजनी फुलली असेल तर फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस दिसतील, पान न् पान झाकून टाकणारे. कोशिंबाची पालवी कोवळेपणी लालभडक असते. लांबून झाड फुललंय असंच वाटतं, जवळ गेलास की ती पानं निघतात. निष्पर्ण पांगारा दिसला की त्याच्याखाली थोडा वेळ बस. मैना, बुलबुल, कोतवाल सगळे मधासाठी तिथंच येतात, पाखरं ओळखायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. महिपालगडावर तटाच्या आतच गाव नांदतंय, तिथं अदबीनं वाग, कुणाच्या अंगणातून वाट काढायची तर आधी विचार.

तिसरी कणकुंबी. जांबोटीच्या पुढं गेलं की हवाच बदलते, भर दुपारीही झाडाखाली गारवा असतो. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. तिचं पाणी पूर्वेला कृष्णेत जातं, आणि याच खानापूर तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. हे नकाशात वाचलेलं असलं तरी तिथल्या उतारावर उभं राहून एकदा समजून घे. गावाजवळच्या पायवाटा पुरेत. आतल्या रानात जायचं तर गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय नको. आसपासचे धबधबे या दिवसांत आटलेले असतात, त्यांच्यासाठी आषाढात वेगळा ये.

आता काळजीच्या गोष्टी, यात हयगय नको. माणशी तीन लिटर पाणी घे. वाटेतल्या झऱ्यावर विसंबू नकोस. गूळ-शेंगदाणे, चिरमुरे, एखादी काकडी एवढं खाणं बास. कड्याला किंवा तटाला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून वळ. अंगाला अत्तर लावून तर जाऊच नकोस. आणि गवत वाळून कोळ झालेलं असतं, त्यामुळे चूल, शेकोटी, विडी-काडी काही नाही, सोबतच्यांनाही करू देऊ नकोस. एका ठिणगीनं अख्खा उतार जळतो, जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी-पिल्लंही त्यात जातात.

चैत्र सरता सरता दुपारनंतर वळवाचे ढग चढायला लागतात. गडगडाट ऐकू आला की तट सोड, एकट्या झाडाखाली थांबू नकोस, सरळ गावाकडे उतर.

येत्या रविवारी येळ्ळूर करून ये. वैजनाथला कधी निघतोस ते आधी कळव, अंजनीची झाडं कुठल्या वळणावर आहेत ते कागदावर काढून देतो.

तुझा,
काका